दुभाषी एक, कचेऱ्या अनेक

नेवासे हे नगर जिल्ह्यातील प्रवरेकाठचे गाव. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी येथे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी निरूपण केले असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब पाहायला आजही लोक जातात. शब्द एकदाच उच्चारला गेला. नकला मात्र गावोगावी झाल्या. पुढच्या तीनशे वर्षांत त्या नकलांत इतके पाठभेद शिरले की, शके १५०६ मध्ये पैठणला एकनाथांना सारी पोथी नव्याने शुद्ध करावी लागली. हा प्रसंग भाविकांच्या परिचयाचा आहे. त्यातले व्यावहारिक मर्म मात्र सहसा कोणी पाहत नाही. एखादी गोष्ट एकदा उत्तम करणे निराळे, आणि तीच गोष्ट शंभर ठिकाणी तशीच्या तशी नांदती ठेवणे निराळे. दुसरे काम पहिल्याहून अवघड आहे, आणि ते करणाऱ्याचे नाव बहुधा कोणाला ठाऊक नसते.

आजच्या कचेऱ्यांत हेच काम एका नव्या वेषात चालते. स्क्रिप्टिंग भाषेचा इंटरप्रिटर अनेक यंत्रांवर बसवणे, असे त्याला संगणकवाले म्हणतात. फराळाच्या ताटाजवळ हे नाव जरा रूक्षच वाटेल. परंतु आपल्या शेताचा उतारा, वारसाची नोंद आणि म्हातारीच्या पेन्शनीचा कागद आता त्याच यंत्रांतून बाहेर पडतो. तेव्हा घरातल्या थोरामोठ्यांनी दोन घटका ही हकीकत ऐकायला हरकत नाही. शिवाय ती वाटते तितकी नवी नाही. नगर जिल्ह्याच्या दप्तरात तिची मुळे पुष्कळ खोल गेलेली आहेत.

प्रथम इंटरप्रिटर म्हणजे काय ते पाहू. संगणकाला मराठी कळत नाही, इंग्रजीही कळत नाही. त्याला कळतात फक्त त्याच्या जातीचे आकडे. माणूस आपल्याला वाचता येईल अशा शब्दांत आज्ञा लिहितो: ‘प्रत्येक गावाची यादी उघड, महिन्याहून जुनी प्रलंबित नोंद दिसली तर ती निराळी काढ.’ अशा आज्ञांच्या कागदाला स्क्रिप्ट म्हणतात. आता ती यंत्राला समजावायची कशी? मार्ग दोन. एक म्हणजे सबंध ग्रंथाचे भाषांतर आधीच करून ठेवायचे आणि तेच यंत्राच्या हाती द्यायचे. दुसरा मार्ग आपल्या पुराणिकबुवांचा. बुवा पोथी उघडतात, एक श्लोक वाचतात, लगेच त्याचा अर्थ सांगतात आणि पुढच्या श्लोकाकडे वळतात. हा पुराणिक म्हणजे इंटरप्रिटर. आपल्या जुन्या शब्दात सांगायचे तर दुभाषी.

पुराणिकाचा मोठा गुण असा की, पोथीत आज एक ओळ बदलली तर उद्याच्या पुराणात ती आपोआप येते. भाषांतर नव्याने करावे लागत नाही. शिवाय पोथी उघडी असते. कोणाही जाणत्याला ती वाचून तपासता येते. दोष असा की, जेथे पोथी जाईल तेथे बुवाही जायला हवेत. आणि दोन गावचे बुवा दोन निराळ्या परंपरांतले निघाले, तर एकाच पोथीचे दोन अर्थ श्रोत्यांच्या कानी पडायचे. अनेक कचेऱ्यांत एकच दुभाषी नेऊन बसवण्याची सारी कटकट या एका वाक्यात आहे.

ही कटकट संगणकाने आणली असे मात्र कोणी समजू नये. मराठी मुलुखात जुन्या काळी जमीन काठीने मोजत. काठी पाच हात आणि पाच मुठींची. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा. हिशेब पाहिला तर चोख. परंतु हात कोणाचा? एका गावचा बिघा दुसऱ्या गावच्या बिघ्याशी जुळेना. नियम एकच होता, तो वाचणारे हात निरनिराळे होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याने घालून दिलेल्या जमाबंदीची आठवण या भागात पुढे कित्येक पिढ्या राहिली. तिचे कारणही हेच, की त्याने जमाबंदीला काही एक ठरीव शिस्त लावली.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दख्खनची मोजणी आरंभली. हेलीबरीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेल्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवण्याची मोठी शास्त्रशुद्ध पद्धत रचली. कागदावर ती देखणी होती. पण तिचे आकडेमोडीचे जाळे इतके गुंतागुंतीचे होते की, हाताखालच्या शेकडो कारकुनांकडून ती एकसारखी वापरली जाईना. त्यात लाचलुचपत शिरली आणि योजना बसली. मग १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी निराळी वाट धरली. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी आणि जमिनीचे थोडे ठरावीक वर्ग, एवढ्यावर त्यांनी काम चालवले. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तो गुंठा; चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळीला कोणाचा हात लागत नाही; ती अकोल्यात तेवढीच आणि जामखेडात तेवढीच. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम बांधले गेले आणि पुढल्या काही वर्षांत ती नगर जिल्ह्यातही आली. प्रिंगल विद्वान होता यात शंका नाही. पण अनेक हातांत जायचे असेल तर ज्ञानाला साखळीसारखे सुटसुटीत रूप यावे लागते, हे त्याच्या अपयशाने शिकवले.

या मोजणीच्या पायावरच पुढे गावनमुने उभे राहिले. सातव्या नमुन्यात जमीन कोणाची ते, बाराव्यात पीक कोणते ते, आणि सहाव्यात हक्कांत झालेले फेरफार. सात आणि बारा मिळून आपला सातबारा. अकोल्याच्या डोंगरातून बदली होऊन जामखेडच्या बालाघाटात गेलेला तलाठी पहिल्या दिवशीच तिथले दप्तर वाचू शकतो, ते या एकसारख्या नमुन्यांमुळे.

नमुना एक झाला तरी वाचणारा हवा, याचा धडा मात्र मोडी लिपीने दिला. शेकडो वर्षे आपले सरकारी आणि खाजगी दप्तर मोडीत लिहिले गेले. १९१७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी बाळबोधाचा स्वीकार ठरवला. पुढे काही दशकांत मोडी शाळांतूनही गेली. छपाईच्या दृष्टीने हा निर्णय सोयीचा होता. पण त्याबरोबर मोडीचा दुभाषी कचेऱ्यांतून हळूहळू नाहीसा झाला. कागद राहिले, वाचणारे गेले. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधण्याची वेळ आली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. एखाद्या घराण्याचा दाखला रुमालात बांधलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलेला आहे, पण तो वाचणाराच मिळत नाही म्हणून घरातल्या मुलाच्या हाती पडत नाही. दुभाषी नसला म्हणजे काय होते, ते याहून निराळ्या शब्दांत सांगायला नको.

संगणकाच्या आधीचा शेवटचा मोठा प्रयोग खुद्द नगरच्या कलेक्टर कचेरीत झाला. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनिलकुमार लखिना हे येथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी दप्तरखान्यातले वर्षानुवर्षांचे ढीग उपसले, कायम ठेवायचे कागद आणि ठरावीक मुदतीनंतर काढून टाकायचे कागद वेगळे केले, कारकुनांची बसण्याची व्यवस्था बदलली आणि कोणाचे काम कोणते ते लेखी ठरवून दिले. हवा तो कागद मागताक्षणी हाती येऊ लागला. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ही पद्धत महाराष्ट्रभर गाजली आणि दूरदूरचे अधिकारी ती पाहायला नगरास आले. येथेही तोच प्रश्न उभा राहतो. कपाटांची मांडणी पाहून घरी नेता येते; रोजच्या नोंदीचा शिरस्ता तसा नेता येत नाही. तो प्रत्येक कचेरीत नव्याने रुजवावा लागतो.

आता संगणकाकडे येऊ. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ साली स्थापन झाले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहाच्या द्वारे जिल्ह्यांची ठाणी दिल्लीशी जोडण्याचे काम त्याने हाती घेतले. जमिनीच्या नोंदी संगणकात भरण्याची केंद्राची योजना १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्ध्याची निवड झाली होती. त्या काळी आपल्याकडच्या कचेऱ्यांत डीबेस आणि पुढे फॉक्सप्रो यांचा बोलबाला होता. हेही एक प्रकारचे दुभाषीच. कारकून एक ओळ टंकलिखित करी, यंत्र तिचा अर्थ लावून उत्तर देई. अमेरिकेत लॅरी वॉल याने १९८७ साली पर्ल ही भाषा काढली, आणि हॉलंडमध्ये खिडो फान रॉसम याने १९९१ साली पायथन जगापुढे ठेवली. किरकोळ, पण रोज करावी लागणारी कामे यंत्राकडून झटपट करून घ्यावीत, हा या सर्वांचा हेतू.

यंत्र एकच असेल तोवर सारे सुरळीत चालते. पण नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा; सतरा हजार चौरस किलोमीटरांचा विस्तार आणि चौदा तालुके. एका टोकाला कळसूबाईचे शिखर, दुसऱ्या टोकाला मराठवाड्याची शीव. अशा जिल्ह्यात प्रत्येक तहसील कचेरीतल्या यंत्रांवर एकच दुभाषी बसवायचा, तर काय काय करावे लागते?

आरंभीची रीत सरळ होती. तबकड्या पिशवीत घालायच्या, गाडीत बसायचे, आणि कचेरीकचेरीत जाऊन एकेका यंत्रावर हाताने सारे चढवायचे. चौदाव्या तालुक्याला पोचेपर्यंत पहिल्या तालुक्यात दिलेली आवृत्ती जुनी झालेली असे. जाळ्याने यंत्रे जोडली गेल्यावर दुसरी रीत आली. दुभाष्याची एकच प्रत मुख्य यंत्रावर ठेवायची आणि सर्वांनी ती तेथूनच वाचायची. यात पाठभेदाला जागा नाही. पण तार तुटली की सारा तालुका मुका. म्हणून तिसरी रीत रूढ झाली. अस्सल प्रत मुख्यालयात राहते. सकाळी प्रत्येक यंत्र जागे झाले की ते आपल्याजवळची आवृत्ती मुख्यालयाच्या आवृत्तीशी ताडून पाहते. फरक असेल तर नवी प्रत गुपचूप उतरवून घेते आणि ‘पोचली’ अशी नोंद परत पाठवते. कारकुनाला मध्ये काही विचारले जात नाही, आणि ती प्रत बदलण्याचा अधिकारही त्याला नसतो. २००० सालापासून मोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांत ही सोय मिळू लागली.

या रीतीतही शहाणपणाचे चार नियम आहेत. पहिला असा, की नवी प्रत आधी एकाच कचेरीत चालवून पाहावी. इंदापूर आधी आणि बाकीचे जिल्हे मागून, हे गोल्डस्मिडचे धोरण येथेही खरे ठरते. दुसरा, जुनी प्रत लगेच काढू नये. नवी रुळेपर्यंत दोन्ही शेजारी नांदू द्याव्या. तिसरा, प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर ती कोणत्या दुभाष्यासाठी लिहिली ते नमूद असावे. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा: हुकूम पाठवला म्हणजे तो पोचला असे धरू नये. एखादे यंत्र वीज गेल्याने बंद असते, एखादा लॅपटॉप तलाठ्याबरोबर शिवारात गेलेला असतो. म्हणून पाठवलेले किती, पोचलेले किती आणि राहिले कोणते, याचा ताळा रोजच्या रोज जमला पाहिजे. जुन्या फडणिसाला हे शिकवावे लागले नसते.

येथवरच्या अडचणी जगात सर्वत्र सारख्या. मराठीची म्हणून एक खास अडचण आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच कळीची. पहिल्या पिढीच्या संगणकांत मराठी लिहायची तर ज्याचा त्याचा फाँट निराळा. एका कचेरीत लिहिलेले पत्र दुसरीत उघडले की रोमी अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा. पुण्याची सी-डॅक ही संस्था १९८८ साली निघाली. तिने भारतीय लिप्यांचे तंत्र देशभर नेले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने जगातल्या लिप्यांना एका मांडवाखाली आणण्यास प्रारंभ केला. त्यात देवनागरीही होती. पण मराठीचे काही बारकावे हिंदीत नाहीत. ‘आचार्यांना दक्षिणा द्यावी’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा द्यावी’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे! तो केवळ एका अर्ध्या रकाराच्या आकारावर उभा आहे. तो रकार यंत्राने नीट जपला नाही, तर कुऱ्हाडे आडनावाच्या माणसाचे उताऱ्यावर काय होईल, याची कल्पना करावी.

आता दुभाष्याची आवृत्ती आणि हा मराठी मजकूर यांची गाठ कशी पडते ते पाहा. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणुकीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागतात. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीतला साधा मजकूर घरे मोजतो. २००८ साली आलेली तिसरी आवृत्ती चिन्हे मोजते. ‘नगर’ या शब्दाची लांबी विचारली तर दुसरी सांगते नऊ, तिसरी सांगते तीन. पोथी तीच, पुराणिक दोन! २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगर बदलून अहिल्यानगर झाले. जुने नाव सात चिन्हांचे, म्हणजे एकवीस घरांचे. नवे नाव आपण वाचतो सहा अक्षरांचे. पण काना, वेलांटी आणि हलन्त निराळे मोजले म्हणजे चिन्हे होतात दहा आणि घरे तीस. एखाद्या नमुन्यात जिल्ह्याच्या नावाला चोवीसच घरे राखली असतील, तर जुने नाव त्यात सुखाने मावते. नवे मात्र ‘अहिल्यान’ येथेच तुटते. चौंडीच्या लेकीचे नाव कागदावर पुरते उमटावे, एवढ्यासाठी सुद्धा घरे मोजणारा आणि चिन्हे मोजणारा यांतला फरक जाणणारे कोणीतरी कचेरीत असावे लागते.

नावाचे तुटणे एकवेळ हसण्यावारी नेता येईल. क्षेत्राचे आणि हक्काचे नाही. हस्तलिखित सातबारे संगणकात भरले गेले तेव्हा राज्यभर लाखो ओळी नव्याने लिहिल्या गेल्या, आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. हस्तलिखित आणि संगणकीय उताऱ्यांचा मेळ घालण्यासाठी ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’ अशा तपासणीच्या फेऱ्या काढाव्या लागल्या. २०१७ साली चावडी-वाचनाची मोहीम झाली. गावात सातबारे मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ज्याची जमीन त्याने चूक असेल तर ती सांगायची. यंत्राच्या युगात ही जुनी रीत पुन्हा वापरावी लागली, हे फार बोलके आहे. नोंद ज्याची आहे त्याच्या कानावर ती पडल्याखेरीज तिच्या शुद्धतेची खात्री कोण देणार? त्यानंतर, २०१८ पासून, डिजिटल सहीचे सातबारे घरबसल्या मिळू लागले.

दुभाषीही अमर नसतात. फॉक्सप्रोला तिच्या निर्मात्यांचा आधार २०१५ साली संपला. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोजबरोबर येणारी व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने निवृत्त करण्याचे २०२३ साली जाहीर झाले. कित्येक कचेऱ्यांतल्या कामचलाऊ स्क्रिप्ट अशा दुभाष्यांच्या भरवशावर असतात. त्या लिहिणारा माणूस बदलून गेलेला असतो, स्क्रिप्ट मात्र रोज पहाटे निमूटपणे चालत राहते. आणि ज्या दिवशी यंत्र बदलते त्या दिवशी ती मुकी होते. मोडीचे जे शंभर वर्षांत झाले, ते येथे पंधरावीस वर्षांतच होते. म्हणून पोथी जपताना पुराणिकाची सोयही जपली पाहिजे. कोणती स्क्रिप्ट, कोणासाठी, कोणत्या दुभाष्यावर चालते आणि तो दुभाषी उद्या कोठून मिळेल, याची एक साधी वही प्रत्येक कचेरीत असावी. ती मराठीत असावी, म्हणजे नव्या माणसाला कोणाचे तोंड पाहावे लागणार नाही.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. जुनी वही बंद करताना शिल्लक नव्या वहीत ओढून घ्यायची असते. ती ओढली नाही तर नवी वही कितीही कोरी आणि सुबक असली तरी खोटी. नेवाशापासून पैठणपर्यंत आणि इंदापूरच्या साखळीपासून तहसिलीतल्या संगणकापर्यंत ज्या कोणी ही शिल्लक इमानाने ओढली, त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पण आज शेवगाव-पाथर्डीकडच्या एखाद्या बाईने मोबाइलवर उतारा उघडला आणि त्यात तिचे नाव आणि तिच्या शेताचे गुंठे बिनचूक दिसले, तर ते त्या अनामिकांचेच काम आहे.